पाय सुधारले, पण मान अवघडली!

गेल्या वर्षी वर्षावास सुरू होण्याच्या सुमारास तामलवाडीला आमच्या घरी एक जुनी व्यायामाची सायकल आली. चाक फिरते, पण सायकल जागची हलत नाही, हे पाहून गल्लीतील मुलांनी पहिल्या दिवशी फार गंमत केली. "ही तुळजापूरला कधी पोचणार?" असे एकाने विचारलेही. पण सायकल हौसेखातर आणलेली नव्हती. ती आणली होती आमच्या आत्यांच्या गुडघ्यांसाठी.

आत्यांनी सोलापुरात अडतीस वर्षे विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात कातरलेली तेंदूची पाने आणि तंबाखू, आणि मान खाली. सकाळी एकदा बसले की हजार विड्या पुऱ्या होईपर्यंत उठायचे नाही. त्या कष्टावर त्यांनी दोन्ही मुले शिकविली, स्वतः मात्र शाळेचे तोंड पाहिले नाही. पासष्टी ओलांडली आणि त्यांचे गुडघे धरले. सोबत साखरेचा आजारही आला. विहारात वंदनेला खाली बसणे बंद झाले. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जायचे म्हटले की त्या म्हणत, "तुम्ही जावा, मला काय जमत न्हाई."

सोलापूरच्या फिजिओथेरपीच्या डॉक्टरबाईंनी त्यांना सांगितले की, रोज चालावे, आणि चालताना गुडघे दुखत असतील तर जागेवरची सायकल हलक्या जोराने चालवावी. चालायचे तरी कोठे? सोलापूर-तुळजापूर रस्ता चौपदरी झाल्यापासून त्यावर वाहनांचा वेग असा आहे की म्हातारे माणूस कडेने चालायलाही भिते. म्हणून आम्ही सोलापुरातून अडीच हजार रुपयांत ही जुनी सायकल टेम्पोत घालून आणली.

मानेचे दुखणे कोठून आले?

पहिला आठवडा उत्साहात गेला. दुसऱ्या आठवड्यात आत्यांना कंटाळा येऊ लागला. भिंतीकडे तोंड करून वीस मिनिटे पाय हलविणे ही शिक्षाच वाटते. आमच्या मुलीने युक्ती केली. हँडलच्या मधल्या जागेवर मोबाईल टेकवून ठेवला आणि त्यावर भीमगीते व भन्तेजींची प्रवचने लावून दिली. आत्या खूश झाल्या. वीसची पंचवीस मिनिटे झाली.

महिना भरला आणि गुडघे थोडे मोकळे झाले, पण मान धरली. रात्री मानेपासून खांद्यापर्यंत कळ येऊ लागली. एके दिवशी आत्या म्हणाल्या, "आरं बाबा, आयुष्यभर सुपात बघून मान मोडली, आता त्या डबीत बघून मोडायची का?" हे बोलणे आमच्या मनाला लागले. गुडघ्यासाठी आणलेले साधन त्यांना पुन्हा त्याच बसणीत बसवीत होते.

माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलो वजनाचे असते. मान सरळ असते तेव्हा हे वजन मणक्यांवर नीट तोलले जाते. मान पुढे झुकली की मागच्या स्नायूंना ते ओढून धरावे लागते. न्यूयॉर्कमधील शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ साली याचे गणित मांडून प्रसिद्ध केले. त्यांच्या हिशेबाने मान १५ अंश झुकली तर मणक्यांवर सुमारे १२ किलो, ३० अंशांत १८ किलो, ४५ अंशांत २२ किलो आणि ६० अंशांत २७ किलो इतका भार पडतो. सत्तावीस किलो म्हणजे ज्वारीच्या अर्ध्या पोत्याहून अधिक ओझे! डोक्यावर भारे वाहिलेल्या आपल्या माताभगिनींना हे वजन समजावून सांगावे लागणार नाही. फरक इतकाच की डोक्यावरचे ओझे दिसते आणि मानेवरचे दिसत नाही.

हँडलवर टेकविलेला मोबाईल पाहताना मान सहज ४५ अंश झुकते. त्यात हातांवर भार येतो, पाठीला पोक येतो आणि छाती दबल्यामुळे श्वासही पुरता घेता येत नाही. मोबाईल बंद करावा म्हटले तर व्यायाम बंद पडतो. मग उपाय एकच उरतो. मान जेथे सरळ राहते, तेथे पडदा न्यायचा.

मीटर आणि पडदा

या सायकलीवर मुळात एक छोटे मीटर असते. चाकावर एक लहानसे चुंबक बसविलेले असते आणि त्याच्या समोर सांगाड्यात एक चुंबकी स्विच असतो. चाकाची फेरी झाली की चुंबक स्विचसमोरून जाते आणि एक ठोका मोजला जातो. पातळ वायर दांड्याच्या पोटातून वर मीटरपर्यंत येते. त्या ठोक्यांवरून मीटर वेळ, वेग व अंतर दाखविते. उष्मांकाचा आकडाही येतो, पण तो अंदाजाचा समजावा. ज्या साध्या मीटरात बसणाऱ्याचे वजनच भरलेले नाही, त्याला कोणी किती शक्ती खर्चली हे नेमके कसे कळणार?

आमच्या सायकलीचे मीटर चालू होते, पण बसल्यावर त्यातले आकडे पुसट दिसत. आम्हांला वाटले, सेल संपले. सेल बदलले तरी तेच. मग ध्यानात आले की असे स्वस्त मीटर एका ठराविक कोनातूनच नीट दिसते. ते ज्या उंचीच्या माणसासाठी वळवून बसविले होते, त्याहून आत्या ठेंगण्या होत्या. मीटर शाबूत होते आणि आत्यांची नजरही शाबूत होती. दोघांची गाठ तेवढी पडत नव्हती.

व्यायाम करणाऱ्याच्या नजरेसमोर आकडा असावा हा विचार काही नवा नाही. लंडनच्या फ्रान्सिस लाउंड्स याने १७९६ साली हातापायांनी फिरविण्याच्या व्यायामयंत्राचे पेटंट घेतले होते. १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिक जहाजावरही व्यायामशाळा होती. तेथील जागेवरच्या सायकलींसमोर किती अंतर कापले हे दाखविणारी मोठी तबकडी बसविलेली होती. मान वर ठेवून पाहता येईल अशी ती सोय पहिल्या वर्गाच्या उतारूंसाठी होती, हे वेगळे सांगायला नको!

पुढे २०१२ साली अमेरिकेत पेलोटन नावाची कंपनी निघाली. तिने सायकलीवरच मोठा पडदा बसविला. पण तो समोरच्या बाजूलाच राही. सायकलीवरून उतरून जमिनीवर व्यायाम करू म्हटले तर पडद्याची पाठ दिसे. मग इतर लोकांनी तो बाजूला वळविण्याच्या जोडण्या करून विकायला सुरुवात केली. २०२० साली कंपनीनेच फिरता पडदा असलेली सायकल काढली, तिची किंमत सुमारे अडीच हजार डॉलर होती. आपल्यासारख्यांनी त्या किमतीने दिपून जाऊ नये. त्यातली पडदा फिरविण्याची कल्पना मात्र घ्यावी. ती कल्पना महाग नाही.

बाजारचा स्टँड का पडला?

आधी आम्ही बाजारातून लवचीक दांड्याचा एक स्टँड आणला. एका टोकाला चिमटा, मध्ये हवा तसा वाकणारा दांडा आणि दुसऱ्या टोकाला मोबाईल धरण्याची खोबण. वाकवला की वाकतो म्हणून आम्ही खूश होतो. पण आत्या पायडल मारू लागल्या की दहा मिनिटांत तो नमस्कार केल्यासारखा हळूहळू खाली येई. एके दिवशी मोबाईल निसटला. तो धरायला आत्या झटकन पुढे वाकल्या, पाय पायडलवरून घसरला आणि नडगी सोलवटली. त्यानंतर तीन आठवडे त्या सायकलीजवळ फिरकल्या नाहीत. मोकळे झालेले गुडघे पुन्हा आखडू लागले. आमचे वागणे घाईचे झाले, ही कबुली येथे दिली पाहिजे.

यातले कारण सोपे आहे. आडव्या दांड्याच्या टोकाला वजन असले की दांडा जितका लांब, तितका मुळाशी ताण जास्त. पाव किलोचा मोबाईल एक वीत अंतरावर धरणे आणि दोन हात अंतरावर धरणे यात जो फरक आपल्या मनगटाला जाणवतो, तोच फरक त्या चिमट्याला जाणवतो. त्यात पायडल मारताना सायकल डावीउजवीकडे किंचित डुलते. प्रत्येक डुलण्याने सांधा कणाकणाने सैल होतो. म्हणून दांडा शक्यतो उभा, आखूड आणि ताठ असावा. वाकण्याची सोय संपूर्ण दांड्यात नको, नेमक्या सांध्यात हवी.

आधी खडूची खूण, मग लोखंड

आम्ही महामार्गाच्या कडेला वेल्डिंगचे काम करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडे गेलो. त्याने विचारले, "किती उंच पाहिजे, साहेब?" आणि आम्ही गप्प! उंची कोणाच्या मापाने सांगायची?

घरी येऊन मापे घेतली. ती पद्धत कोणालाही करता येईल. आधी बैठक लावावी. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ, पण किंचित वाकलेला राहिला पाहिजे. बैठक फार खाली असली तर गुडघ्याच्या वाटीवर ताण वाढतो, आणि ज्यासाठी व्यायाम करायचा तेच बिघडते. नंतर पाठ सरळ करून बसावे, चेहरा सरळ ठेवून डोळे मिटावेत आणि उघडावेत. समोर भिंतीवर जेथे नजर सहज पडते तेथे दुसऱ्याने खडूने खूण करावी. पडद्याची वरची कड त्या खुणेला किंवा तिच्या किंचित खाली यावी.

आमच्या भिंतीवर आत्यांची, पत्नीची आणि मुलाची अशा तीन खुणा झाल्या. आत्यांची खूण व मुलाची खूण यांत चांगले एक वीत अंतर निघाले. मुलाचे धड उंच, शिवाय पाय लांब म्हणून बैठकही वर, असे दोन्ही फरक एकावर एक चढतात. एकाच उंचीला पक्का केलेला पडदा घरातल्या एकालाच सोयीचा होतो आणि बाकीच्यांनी मान वाकवायची किंवा ताणायची! म्हणून स्टँड खालीवर होणारा असणे ही चैन नव्हे, गरज आहे.

आत्यांचा चष्मा दुहेरी भिंगाचा आहे. अशा चष्म्यातून जवळचे पाहायला खालचे भिंग लागते. पडदा खुणेइतका उंच ठेवला तर त्या हनुवटी वर करून पाहू लागल्या आणि मान मागे मोडू लागली. तेव्हा त्यांच्यासाठी पडदा तीन-चार बोटे खाली आणला व वरच्या अंगाला थोडा मागे कलविला. चष्मेवाल्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावे.

चार भाग, साडेतीनशे रुपये

स्टँडचे भाग चारच. पहिला भाग पकड. सायकलीच्या मधल्या उभ्या दांड्याला बसेल असा यू बोल्ट घेतला आणि आत सायकलीच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घातला. रबराने पकड घसरत नाही आणि हादराही कमी होतो. काही सायकलींची हँडले पायाबरोबर पुढेमागे हलतात. अशा हलत्या हँडलला पकड कधीही लावू नये.

दुसरा भाग दांडा. एक इंची चौकोनी पाइपात पाऊण इंची चौकोनी पाइप सरकविला. चौकोनी असल्यामुळे तो स्वतःभोवती फिरत नाही. आतल्या पाइपाला एक-एक इंचावर भोके पाडून खीळ घातली, म्हणजे पडदा खाली कोसळणार नाही. दोन पाइपांत थोडी फट राहते व खडखड होते. त्यासाठी बाहेरच्या पाइपाला नट वेल्ड करून त्यातून हाताने आवळायचा बोल्ट घातला. खीळ वजन पेलते आणि बोल्ट हादरा थांबवितो.

तिसरा भाग सांधा. पडदा पुढेमागे कलविण्यासाठी दोन पट्ट्या, मध्ये रबरी वायसर आणि विंग नट. पाना लागत नाही, आत्यांच्या बोटांनाही तो आवळता येतो. चौथा भाग खोबण. पत्र्याची छोटी फळी, खाली कड, वर रबरी पट्टा. मोबाईल बसतो, पुस्तकही बसते. मूळ मीटरही आम्ही याच फळीच्या खालच्या अंगाला आणले. त्याची वायर आखूड पडली म्हणून दुकानातून जोड देऊन घेतली. मजुरीसह सगळा खर्च साडेतीनशे रुपये आला.

ज्यांच्याकडे मोठा पडदा किंवा जुना टीव्ही आहे, त्यांनी सायकलीवर वजन न लादता तो भिंतीवर लावावा. बहुतेक टीव्हींच्या पाठीला चार भोकांचा चौकोन असतो. व्हेसा नावाच्या संस्थेने ठरविलेल्या मापानुसार लहान पडद्यांचा हा चौकोन साडेसात किंवा दहा सेंटिमीटर बाजूचा असतो. आपल्या पडद्याचे माप मोजून त्याच मापाचे ब्रॅकेट घेतले म्हणजे कोणत्याही कंपनीचे असले तरी बसते. आणि ज्यांना एवढाही खर्च नको, त्यांनी भिंतीत दोन उंचींवर खुंट्यांच्या जोड्या ठोकून त्यांवर फळी ठेवावी. हवी तेव्हा वर, हवी तेव्हा खाली. भिंतीवरचा पडदा सायकलीबरोबर हलतही नाही.

काही पथ्ये मात्र पाळावीत. सायकलीच्या सांगाड्याला भोक पाडू नये. चार्जरची वायर पायडलजवळ लोंबू देऊ नये. घामाने लोखंड गंजते, म्हणून फडक्याने पुसावे. पडद्यावर पाठीमागच्या खिडकीचा उजेड चमकत असेल तर कोन बदलावा. दर आठवड्याला नट-बोल्ट हाताने तपासावेत. आणि मोबाईल पडला तर पडू द्यावा, आधी पाय थांबवावेत! साखरेचे औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी सायकल चालवू नये. छातीत दुखणे, चक्कर येणे असे काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसूच नये.

ताणलेली तार, सैल तार

हे काम चालू असताना आम्हांला सोण थेरांची कथा आठवत होती. राजगृह येथे सोण चंक्रमण करताना इतके झटले की त्यांच्या पायांतून रक्त आले. पूर्वी ते उत्तम वीणावादक होते. तथागतांनी त्यांना वीणेच्या तारांवरूनच समजाविले की, फार ताणलेली किंवा फार सैल तार सुरात वाजत नाही. प्रयत्नही तसाच जुळवून घ्यावा लागतो. वाद्य असो वा शरीर, जुळविणे हा आळस नव्हे, तो शहाणपणा आहे. आपल्याकडे मात्र "सोसा, सवय होईल" असे सांगण्याची पद्धत आहे. विशेषतः स्त्रियांना आणि कष्टकऱ्यांना.

प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मधुमेह व पायांच्या दुखण्याने अखेरच्या वर्षांत किती त्रस्त होते, हे आपण जाणतो. तरी त्यांचे वाचन-लेखन थांबले नाही. त्यांनी शरीर झिजविले ते आपल्यासाठी. आपण मात्र त्यांचे नाव घेऊन आपल्या शरीराची हेळसांड करू नये. फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब आज आपल्या जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळे येथे परिषदेसाठी आले होते. ज्या समाजाला मान खाली घालूनच जगायला लावले होते, त्याला मान वर करून चालायला त्यांनी शिकविले. तो अर्थ फार मोठा आहे आणि लोखंडाच्या एका स्टँडशी त्याची बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. पण माणसाने वस्तूप्रमाणे वाकायचे नाही, वस्तू माणसाप्रमाणे वळवायची, एवढा धडा घरातल्या लहान कामातही घेता येतो.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल करायला सांगते. रोजची पंचवीस मिनिटे झाली तर हिशेब पुरा होतो. प्रत्येक घरात सायकल घेणे शक्य नाही आणि तशी गरजही नाही. विहाराच्या सभागृहात एखादी सायकल ठेवून महिला मंडळाने पाळीपाळीने वापरावी. राज्याच्या क्रीडा विभागाची व्यायामशाळा विकास योजना आहे, तिची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करावी. मात्र साहित्य मागताना खालीवर होणारी बैठक आणि खालीवर होणारा पडदा, या दोन्ही गोष्टी अर्जात लिहाव्यात. दहा जणींच्या दहा उंची असतात!

आता आत्यांविषयी. नवीन स्टँड बसल्यावर मीटर त्यांच्या नजरेसमोर आले. आकडे स्पष्ट दिसू लागले, पण वाचता येईनात. आमच्या मुलीने एका पुठ्ठ्यावर मोठे आकडे लिहून तो फळीवर मीटरशेजारी लावला. पंचवीस विड्यांची जुडी मोजणाऱ्या हातांना मोजणी ठाऊकच होती, ओळख करून घ्यायची होती ती चिन्हांची. महिन्याभरात आत्या मीटरवरची मिनिटे वाचू लागल्या. एके संध्याकाळी त्या म्हणाल्या, "इतकी वर्सं माझ्या विड्या दुसराच मोजायचा. त्यो खराब म्हणून काढंल त्या गेल्या, लिहील तेवढ्याचं पैसं. आता माझं माप मी वाचते."

आम्ही कारकुनी करतो. आकडेमोडीतच आमचे आयुष्य गेले. पण आकड्याचे मोल त्या संध्याकाळी कळले तसे कधी कळले नव्हते. साडेतीनशे रुपयांच्या लोखंडाने मानेची कळ कमी होईल एवढीच आमची अपेक्षा होती.

कळ कमी झाली. गुडघे पूर्ण बरे झालेले नाहीत, ते होतील असे डॉक्टरबाईंनीही कधी म्हटले नव्हते. पण आत्या आता काठी न घेता विहारापर्यंत येतात. परवा त्यांनी नागपूरच्या गाडीची चौकशी केली. तिकिटावरची तारीख आपण स्वतः वाचणार आहोत, असेही बजावले.

ज्या वाचक बंधू-भगिनींच्या घरी अशी सायकल कोपऱ्यात धूळ खात असेल, त्यांनी आज एक खडू घ्यावा आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला बैठकीवर बसवून भिंतीवर पहिली खूण करावी.

जयभीम!